घटस्थापना आणि राज्यमृदा

माझ्याकडे सांभाळायला दिलेली वस्तू हरवत नाही. मी जर्मनीतल्या बवेरियात, रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो आणि घरीही त्याच नजरेने वावरतो, असं माझी बायको विभावरी म्हणते. कौतुकाने म्हणत नाही, पण म्हणते.

म्हणूनच शेजारच्या ह्युबरने बवेरियाची माती माझ्या हवाली केली.

झालं असं, की राज्याला फूल होतं, प्राणी होता, बियरला तर कायदाच होता. पण अधिकृत माती नव्हती. कुणाच्या तरी हे लक्षात आलं आणि सरकारने राज्यमृदा निवडायचं ठरवलं. आमचं गाव सुपीक पट्ट्यात. इथे काठी खोचली तरी तिला बटाटे लागतात. शेवटच्या फेरीत आम्ही आणि राज्याच्या उत्तरेकडचे फ्रांकनवाले उरलो. ह्युबर आमच्या बाजूचा अध्यक्ष. त्याच्या तळघरात पाणी शिरलं, म्हणून निळ्या-पांढऱ्या फितीचा मातीचा डबा माझ्या तळघरात आला.

"शेखर, फ्रांकनवाले जिंकले तर मी गावात तोंड दाखवणार नाही," तो म्हणाला.

"निश्चिंत राहा," मी म्हणालो. इतकी वर्षं या गावात राहून मी 'तो भारतीय' होतो. आता मृदारक्षक झालो.

समिती गुरुवारी येणार होती. त्याआधीच्या रविवारी घरात नवरात्र बसलं. सासूबाई कराडहून आल्या होत्या, त्यामुळे घट रीतसर बसला: परडीत माती, मातीत धान्य, मधे तांब्याचा कलश, शेजारी तेवता नंदादीप. मी नमस्कार केला आणि रविवारची पाळी होती म्हणून कारखान्यात गेलो. खरं तर क्वालिटी त्या दिवशी घरीच बघायला हवी होती.

गुरुवारी समिती यायच्या तासभर आधी तळघरात गेलो. डबा होता, फीत होती. माती नव्हती.

वर आलो. देवघरात परडीतून बोटभर हिरवेगार कोंब वर आले होते.

"आई, तळघरातल्या डब्यातली माती..."

"घेतली की मी. झाकण फार घट्ट हो, जावईबापू. ऋचाने उघडून दिलं."

ऋचा, आमची मुलगी, मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. ती म्हणाली, "या, गेनाऊ." म्हणजे हो, अगदी बरोबर.

मी परडीकडे हात नेला.

"खबरदार," सासूबाई म्हणाल्या. "दसऱ्याआधी घट हलवतात का कधी?"

"आई, ती सरकारी माती आहे."

"देवीपुढे कसलं सरकार?"

"अरे शेखर, हलवू नकोसच," विभावरी म्हणाली. "आई दसऱ्यापर्यंत जेवणार नाही, आणि तू मला माहेरचे फोन घ्यायला लावशील."

तेवढ्यात बेल वाजली. ह्युबर, आणि मागे समितीतर्फे मंत्रालयातल्या फ्राउ डॉक्टर, म्हणजे डॉक्टरबाई. डॉक्टर कायद्याच्या. प्रयोगशाळेचे अहवाल आधीच पोचले होते. आता फक्त मातीचं दर्शन राहिलं होतं. मी त्यांना बूट काढायला लावून थेट देवघरात नेलं. म्हटलं, "आम्ही नमुना डब्यात ठेवला नाही. पेरून दाखवला."

ह्युबरचा चेहरा मातीसारखा झाला. फ्राउ डॉक्टर मात्र मांडी घालून बसल्या.

"किती काळी आहे," त्या म्हणाल्या.

ह्युबर पुढे सरसावला. "आल्झो... म्हणजे, पाणी मिळालं की खुलते."

"आणि चारच दिवसांत एवढं? खत कोणतं?"

ऋचाने आजीला विचारलं. हे मात्र तिने मराठीत विचारलं. लाच म्हणून चकली मिळणार होती.

"खत कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "मातीत दम असला की झालं."

ऋचाने भाषांतर केलं. ह्युबरने रुमाल काढला. फ्राउ डॉक्टरांनी ते वाक्य लिहून घेतलं, आणि पुढे निकालपत्राच्या पहिल्याच ओळीत ते छापून आलं. फ्रांकनवाल्यांनी काचेच्या नळीत माती दाखवली होती. मेलेली दिसत होती म्हणे.

निकाल त्याच संध्याकाळी फोनवर कळला. गावात बँड वाजला. ह्युबरने मला मिठी मारली. बवेरियात हे लग्नातही होत नाही.

मी सासूबाईंच्या पाया पडलो. "आई, तुमच्यामुळे इथली माती जिंकली."

"इथली?" त्या म्हणाल्या. "घटाला परकी माती कशी चालेल? आपल्या कराडच्या मळ्यातली आहे ती. लोणच्याच्या बरणीतून आणली."

मी विचारलं, "मग डब्यातली?"

"ती पिवळट होय? मला वाटलं, भांडी घासायला ठेवलीय. काय मऊ माती हो! कलश घासला, समया घासल्या, तुमचं ते अंगणातलं गंजकं शेगडं घासलं. संपलीच."

म्हणजे बवेरियाची अधिकृत माती आमच्या मोरीतून डॅन्यूबला गेली होती, आणि कराडची काळी माती राज्यमृदा म्हणून निवडून आली होती. मी हे कुणालाही सांगितलं नाही. क्वालिटीवाल्याला कुठे थांबायचं ते कळतं.

परवा ह्युबर सरकारने दिलेला पितळी सन्मानफलक घेऊन आला. काळवंडला होता.

"शेखर, तुमच्या घरातलं पितळ कसं लखलखतं. कशाने घासता तुम्ही?"

मी म्हणालो, सासूबाईंना विचारून सांगतो.