फुकटच्या गाडीचा कर

फुकट मिळणाऱ्या वस्तूला नाही म्हणायचं नाही, एवढा एकच निर्णय मी त्या वर्षी घेतला. (बाकीचे सगळे निर्णय आमच्याकडे बायको घेते. हाही मी तिला विचारूनच घेतला होता.)

वस्तू म्हणजे मोटारगाडी. देणारा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बोटीवर इंजिनियर म्हणून चार देशांचं पाणी पिऊन शेवटी तो परदेशातच स्थायिक झाला होता. त्याचं पत्र आलं : भाऊजी, मी नवी गाडी घेतोय, जुनी तुम्हाला पाठवतो. आईला मावशीकडे नेता येईल.

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सासूबाई आमच्याकडेच असायच्या आणि त्यांची थोरली बहीण घाटापलीकडे, सहा तासांवर. दोघींचेही गुडघे कामातून गेलेले, बसची पायरी कोणालाच चढवत नसे. अकरा वर्षं भेट नव्हती. पंधरा दिवसांनी एकीचं पत्र दुसरीला जायचं आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘आता कसली भेट होते’ हे ठरलेलं. सासूबाई ते पत्र मला मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसायच्या. म्हणून त्या दिवशी गाडीची बातमी वाचून झाल्यावर बायकोनं चहात साखर दोनदा घातली.

“पण चालती गाडी तो फुकट का देतोय?” मी विचारलं.

“पुढे वाचा की,” बायको म्हणाली.

पुढे खुलासा होता. तिकडे म्हणे गाडी म्हातारी झाली की दरवर्षी तिचा कर वाढतो, तपासणीचा खर्च वेगळा, त्यामुळे जुनी सांभाळण्यापेक्षा नवी परवडते. तो आधी राहायचा त्या बेटावर तर गाडी घेण्याआधी गाडी घ्यायची परवानगी विकत घ्यावी लागे आणि ती गाडीपेक्षा महाग. त्याच्याही आधीच्या देशात पेट्रोल पाण्याच्या भावात, पण विमा असा की माणसं गाडी घरी ठेवून पायी जात.

“म्हातारं झालं की कर वाढवतात?” सासूबाई म्हणाल्या. “बरं झालं मी त्याच्याकडे राहायला गेले नाही.”

शेवटी त्यानं लिहिलं होतं, ‘इथे मूळ कर गाडीच्या वजनावर असतो. तुमच्याकडचं तुम्ही चौकशी करून ठेवा.’

चौकशी मी केली नाही. मी टपाल कचेरीत पार्सल विभागात कारकून. वजनावर पैसे, ही गोष्ट मला इतकी रास्त वाटली, की जगात दुसरी कुठली पद्धत असेल असं मनातच आलं नाही.

तीन महिन्यांनी गाडी बंदरावर उतरली. फिक्या निळ्या रंगाची, गोल दिव्यांची, आणि स्टिअरिंग भलत्याच बाजूला. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो ते अजून आठवतं. आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर चाक म्हणून होतं ते सायकलचं. तेवढ्यात करवसुलीचे साहेब आले. हातात चहाचा कप, काखेत तक्त्यांचं पुस्तक. त्यांनी कराचा आकडा सांगितला. मी तो त्यांना पुन्हा सांगायला लावला.

“साहेब, गाडी फुकट मिळालीय.”

“तुम्हाला,” साहेब म्हणाले. “सरकारला अजून काहीच मिळालेलं नाही.”

एवढे पैसे माझ्याकडे नव्हते. सासूबाईंनी मात्र बहिणीला कळवूनसुद्धा टाकलं होतं. मी एक तासाची मुदत मागितली, शेजारच्या गोदामातून पाना आणला आणि कामाला लागलो. आधी जादाचं चाक काढलं. मग पायपुसण्या, राखदाणी, मागचा आरसा. शेवटी सगळ्यांत जड म्हणून मागची अख्खी सीट ओढून बाहेर काढली. घामाघूम होऊन तिच्यावरच बसलो होतो, तेव्हा साहेब परत आले.

“हे काय चाललंय?”

“वजन कमी करतोय.”

त्यांनी काखेतलं पुस्तक हातात घेतलं. “अहो, आपल्याकडे कर वजनावर नाही. इंजिनाच्या आकारावर आहे,” ते म्हणाले आणि माझ्या हातातला पाना बघून घाईनं पुढे म्हणाले, “इंजिनाला हात लावू नका.”

मग त्यांची नजर गाडीच्या आत गेली. त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं, आणखी एक उलटलं. “आसनं दोनच दिसतायत. मग ही प्रवासी गाडी होत नाही. मालवाहू होते. मालवाहूला कर एक तृतीयांश.”

तेवढे पैसे माझ्याकडे होते. मी पुढचं काही न विचारता सही ठोकली. सरकारला बनवल्याचा आनंद आयुष्यात त्या एकाच दिवशी मिळाला आणि घरी पोचेपर्यंत टिकला.

गाडी बंदरावरच्या एका दलालाच्या ड्रायव्हरनं आणली, सीट हातगाडीवर आली. बायकोनं कागद हातात घेतले. (मी सही आधी करतो आणि वाचतो नंतर. ती उलट करते.)

“अहो, यात लिहिलंय, मागे माणूस बसवल्यास परवाना रद्द.”

“सीट परत बसवू की.”

“सीट बसवली तर प्रवासी गाडीचा पूर्ण कर, वर दंड. आणि सुट्या सीटवर सुट्या भागांचा कर. तोही तुम्ही भरलेला नाही.”

सासूबाईंनी तोवर सीट भिंतीला लावून घेतली होती. त्या तिच्यावर बसल्या, गुडघे हलकेच चोळले आणि म्हणाल्या, “मऊ आहे हो, जावईबापू. गाडी नाही तर नाही, बसायला तरी झालं.” त्यांच्या या समजूतदारपणानं मला जास्त मेल्यासारखं झालं. पुढे ती सीट आमच्याकडे तेवीस वर्षं होती. मुलं तिच्यावर अभ्यास करून शिकली, मुलीला बघायला आलेली मंडळी तिच्यावर बसली, आणि एका स्प्रिंगनं आमच्या जावयाची विजार फाडली तरी त्यानं होकार दिला.

पण मावशीची भेट राहिली होती. दोन आसनांपैकी एक सासूबाईंचं आणि दुसरं चालवणाऱ्याचं. चालवायला दोघंही शिकलो. बायको परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली. मी दोनदा बसलो. दुसऱ्या वेळी परीक्षक मध्येच उतरून चालत गेले.

“मग तुम्ही दोघीच जा,” मी म्हणालो.

“आणि घाटात बंद पडली तर ढकलणार कोण?” बायको म्हणाली.

असा मी मागच्या पत्र्यावर, अंगावर चादर घेऊन, पाय पोटाशी धरून निघालो. स्टिअरिंग भलत्या बाजूला असल्यामुळे पुढच्या गाडीला ओलांडायचं, तर रस्ता सासूबाईंनाच दिसे.

“आई, समोरून काही येतंय का?”

“येत असेल बहुतेक.”

सहा तासांचा रस्ता आम्ही एका बैलगाडीमागून नऊ तासांत कापला. पण चादरीखालून मला सासूबाई गुणगुणताना ऐकू येत होत्या. घरात त्यांना कधी गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं.

घाटाखाली तपासणी नाका होता. शिपायानं काचेवर टकटक केली. “मालाची गाडी. माल काय?”

बायकोला खोटं बोलता येत नाही. “घरगुती सामान,” ती म्हणाली.

शिपायानं चादर उचलली. मी नमस्कार केला. त्यानं सासूबाईंच्या गुडघ्यांवरचा शेकायचा फडका पाहिला, बायकोच्या कपाळावरचा घाम पाहिला, चादर परत नीट पांघरली आणि वहीत लिहिता लिहिता म्हणाला, “वापरलेलं दिसतंय. यावर काही कर बसत नाही. जा.”

मावशी दारातच बसून होत्या, सकाळपासून. दोघी बहिणींनी एकमेकींचे हात धरले. मग मावशी म्हणाल्या, “किती वाळलीस गं.” त्यावर सासूबाई म्हणाल्या, “तू तेवढी तशीच आहेस, आगाऊ.” पुढचे चार दिवस आम्हा दोघांना त्या घरात कोणी काही विचारलं नाही. त्या रात्री त्या दोघी एका अंथरुणात झोपल्या. लहानपणी झोपायच्या तशा.

आता दोघीही नाहीत. गाडीही भंगारवाल्यानं नेली. मुलगी परदेशात असते, ती फोनवर सांगते, बाबा, इथे गाडी जेवढा धूर सोडते तेवढा कर. मी हो हो म्हणतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती निळी गाडी येते आणि सासूबाईंचं ते गुणगुणणं.

मावशींकडून परत येताना मी गाडीत नव्हतो. मावशींनी धाकट्या बहिणीला आपलं शिवणयंत्र दिलं, लोखंडी पायाचं, आणि मागे एकाच गोष्टीपुरती जागा होती. बायकोनं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अहो, तुम्ही बसनं या. यंत्राला बस सोसणार नाही.”

नाक्यावर तोच शिपाई होता. पुढचं सासूबाईंनी शेवटपर्यंत, येईल त्या पाहुण्याला सांगितलं. त्यानं चादर उचलली, यंत्र पाहिलं, वही चाळली आणि विचारलं, “जाताना होतं ते सामान कुठाय?”

“तिकडेच उतरवलं,” बायको म्हणाली. “त्याच्याऐवजी हे आणलं.”

शिपायानं यंत्राचं चाक एकदा फिरवून पाहिलं. ते छान फिरलं.

“बाई,” तो म्हणाला, “फायद्यात राहिलात.”