माती वाचत न्हाय

आमच्या कळस गावचे मेहबूबभाई टेलर घरात नवीन काही आलं की त्याचा तुकडा आधी परसात पुरतात. कापडाची चिंधी, चपलेचा पट्टा, एकदा तर जावयानं आणलेल्या मिठाईवरचा वर्ख. प्रत्येक खड्ड्यावर काठी, काठीला चिठ्ठी: काय पुरलं, कधी पुरलं. एकाच काठीला तेवढी चिठ्ठी नव्हती. कुणी वस्तूवरचा छापील मजकूर दाखवला की ते म्हणतात, "माती वाचत न्हाय. माती खाती."

मी तेव्हा तरुण होते, जेमतेम पासष्टची, आणि बचत गटाची अध्यक्ष. अध्यक्ष झाल्यापासून मी दूधवाल्याशीही भाषण केल्यासारखी बोलायचे. बारामतीहून एक विक्रेता हिरव्या पानाचं चित्र असलेल्या पिशव्या घेऊन आला. वर छापलेलं, 'मातीत विरघळणारी'. दोन शब्द वाचले आणि मी पृथ्वी वाचवायला निघाले. घरोघर पिशव्या वाटल्या. मेहबूबभाईंना तर वर उपदेशही दिला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि पिशवी पुरली.

वर्षानं तोच विक्रेता टेंपोभर माल घेऊन आला. आता ओला कचरा पिशवीसकट आमच्या गांडूळखताच्या वाफ्यांत टाकायचा, असं ठरत होतं. त्या खतावर अख्ख्या गटाचा जीव. मी हार घेऊन उभी. तेवढ्यात मेहबूबभाई आले, हातात चिखलानं माखलेली पिशवी. नळाखाली धरली. पान हिरवंगार.

"वरीस झालं, ताई. मातीनं तोंड बी लावलं न्हाय."

विक्रेता हसला. "काका, हिला खास भट्टीची उष्णता लागते."

"मग भट्टीचं चित्र काढायचं. पान कशापायी काढलं?"

बायका पदराआड हसल्या. विक्रेता चिडला. "तुमच्या मातीतच दम नसेल. तिथं काहीच कुजत नसेल."

मेहबूबभाईंनी नळ बंद केला. मग म्हणाले, "चला."

सगळी वरात त्यांच्या परसात. बिनचिठ्ठीची काठी त्यांनी उपटली आणि कुदळ बाजूला ठेवून हातानं उकरलं. काळी भुसभुशीत माती, चार गांडुळं आणि एक पितळी घुंगरू.

"सुती ओढणी व्हती. पिशवीच्या आधी आठच दिस पुरल्याली. एक धागा काढून दावा."

विक्रेत्याला धागा सापडला नाही. टेंपो भरला होता तसाच परत गेला.

"अध्यक्षबाई, हार आता कुणाला?" मागून कुणीतरी टोचलं.

तो मी मेहबूबभाईंच्या गळ्यात घातला आणि माझं सर्वांत छोटं भाषण केलं: "मी गाढव आहे." इतक्या टाळ्या मला आधी कधी पडल्या नव्हत्या.

संध्याकाळी चहा घेऊन गेले, तर ते तो खड्डा बुजवत होते. हारातली फुलं आत पडलेली. फुलांवर घुंगरू ठेवलेलं. तेव्हा कुठं ते मी ओळखलं. आमिनाभाभी त्यांच्या मशीनशेजारी बसून काजं-बटणं करायची. मान हलली की ओढणीच्या टोकाला ते वाजायचं. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

मी पुन्हा अध्यक्षासारखीच बोलले. "भाई, चिठ्ठी लिहून देऊ? भाभीच्या नावाची?"

त्यांनी माती सारखी केली, काठी रोवली.

"कशाला, ताई. माती वाचत न्हाय."