कुठला मजला?

दोन लॅपटॉप एकाच घरात होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते.

नवा स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. त्याच्यापुढे थोरला बसला होता. जुना आतल्या खोलीत, पलंगावर उशीला टेकवलेला, आजारी माणसासारखा. त्याच्याजवळ थोरल्याची बायको. जुन्यात आईचा आवाज होता. शेवटच्या आजारात थोरला तो लॅपटॉप तिच्या उशाशी चालू ठेवून जायचा आणि ती मनात येईल ते बोलायची. आई गेली. तो आवाज ऐकायचा धीर थोरल्याला अजून झाला नव्हता. दुसरी प्रत नव्हती, आणि आता लॅपटॉपच्या पोटातून टकटक ऐकू येत होती.

"पेनड्राइव्ह लावा की," बायको म्हणाली.

"लावू कुठे? त्याची भोकं चहा प्यायलीत. तुझाच चहा."

"मग नेटवरून पाठवा."

"शेजारच्या खोलीत जायला गावाला वळसा? माझ्यावर सोड."

थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. कुणी अडकलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: 'कुठल्या मजल्यावर आहात?' ते कळेपर्यंत तो हत्याराला हात लावत नसे. लिफ्टच्या बाबतीत.

"वायफाय आहे का?" तो टेबलावरून ओरडला.

"आहे! पट्ट्या भरल्यात अगदी."

"मी दिसतो का?"

"दिसत नाही. भलत्याच कुणाचा तरी कॉम्प्युटर दिसतोय."

"त्याला मार गोळी. बंद करून पुन्हा चालू कर."

*

दोन लॅपटॉप एकाच घरात होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. अजूनही.

"आता विचारतोय, आईंचं फोल्डर कुणाकुणाला दाखवायचं?"

"मला!"

"तुम्ही यादीत नाही. 'सगळ्यांना' असं आहे."

"मग सगळ्यांना कर."

"पासवर्ड ठेवायचा का?"

"काढून टाक! घरातल्या घरात कसली कुलपं लावायची?"

यावर बायकोला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण तिनं पासवर्ड काढला.

थोड्याच वेळात ती म्हणाली, "अहो, याचा दिवा लुकलुकतोय. काहीतरी काम काढलंय यानं."

"माझ्याकडे तर काडी हलत नाहीये."

"टकटक वाढलीय पण. बंद करून चालू करू?"

"नको!" थोरला अर्धा उठला. "पुन्हा उठलाच नाही तर?"

*

दोन भाऊ एकाच घरात होते आणि एकमेकांना ओळख देत नव्हते.

हे आधीच सांगायला हवं होतं. पण थोरल्याच्या घरात हा विषय निघत नसे. धाकटा वर राहायचा. आईही शेवटपर्यंत वरच होती. ती गेल्यावर धाकट्यानं त्या आवाजाची प्रत मागितली. थोरला म्हणाला, "येऊन घे." धाकटा म्हणाला, "आणून दे." मध्ये फक्त जिना होता. वर्षभर तो तसाच मध्ये राहिला.

*

टकटक थांबली.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "गेला."

थोरला धावत आत आला. पडदा काळा झाला होता. त्यानं बटण दाबून धरलं. लिफ्टच्या दाराला मारतात तशी लॅपटॉपच्या बगलेत एक चापटही मारली. मग तो पलंगाच्या कडेवर बसला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. बायकोनं लॅपटॉप अलगद मिटला.

तेवढ्यात छतातून आई बोलली.

"पंखा कमी कर रे, धाकट्या."

थोरल्यानं वर पाहिलं. पंखा बंद होता.

"आणि थोरल्याला वर बोलव. एकटाच बसलाय खाली. लहानपणापासून असाच. बोलावल्याशिवाय यायचा नाही."

आधी बायकोच्या ध्यानात आलं. "हा आईंच्या उशाशी असायचा ना हो? मग याला वरचंच वायफाय माहीत. इतका वेळ आपण तुमच्याशी जोडत होतो, आणि हा वर जोडलेला."

थोरल्यानं कपाळावर हात मारला. कुठला मजला, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

बाहेर जिन्याच्या वरच्या टोकाला चपला वाजल्या.

"दादा!"

वर्षातली पहिली हाक. थोरला दारात जाऊन उभा राहिला.

"तू तो लॅपटॉप लावलास की माझ्या कॉम्प्युटरवर दिसायचा," धाकटा वरून म्हणाला. "कुलपात असायचा. आज उघडा दिसला, म्हणून घेतलं सगळं. मला वाटलं, तू मुद्दाम उघडलंस."

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर पंचाईत. थोरल्यानं घसा साफ केला.

"आमचा गेला रे. आत्ताच. आता आहे ती तुझ्याकडेच."

धाकटा अतिशय गंभीरपणे म्हणाला,

"मग येऊन घे."

बायकोनं पदर तोंडाला लावला. थोरल्यानं तिच्याकडे एकदा रागानं पाहिलं, नवा लॅपटॉप काखेत मारला आणि जिना चढू लागला.

"अहो, चार्जर!"

तो परत आला, चार्जर घेतला, पुन्हा चढला. अर्ध्यावर थांबला.

"वायफायचा पासवर्ड बदलला असशील."

"तोच आहे," धाकटा म्हणाला. "ये. पंखाही कमी केलाय."