सुगरणरावांचा खोका

एका जंगलात, मुलांनो, मोबाइलची रेंज फक्त एका बाभळीच्या शेंड्यावर यायची. बाभूळ विहिरीवर वाकलेली होती. तिच्यावर सुगरणराव राहायचे.

सुगरण म्हणजे ते चिमणीएवढं पाखरू, गवताच्या धाग्यांनी लोंबता खोपा विणणारं. तुम्हाला कुणी सांगितलं असेल की खोपा मादी बांधते. तसं नाही. बांधतो नर, नाव होतं तिचं. तुमच्या घरात काम आई करते आणि दारावर पाटी बाबांची असते ना, त्याचंच हे उलट.

या पाखरांमध्ये एक रीत आहे. नर अर्धा खोपा विणतो आणि थांबतो. मग मादी येते. खोप्याला लोंबकळते, चोचीने दोनचार धागे ओढून बघते, आत डोकावते. पसंत पडला तर ती राहते आणि नर उरलेला खोपा पुरा करतो. नाही पडला तर ती उडून जाते. कारण सांगत नाही. नर तो खोपा सोडतो आणि दुसरा विणायला घेतो. कुणी कुणाचं काही देणं लागत नाही. ही रीत इतकी जुनी आहे की तिला अजून कुणी धोरण म्हटलेलं नाही.

गेल्या हंगामात सुगरणरावांचे सगळेच्या सगळे खोपे सोडून द्यावे लागले होते.

"नापसंत झाले," ते ज्याला त्याला सांगायचे. "बिघडलेले नव्हते. दोन्हींत फरक आहे."

शेजारच्या खोप्यांतून पिल्लांचा चिवचिवाट सुरू झाला की हा फरक ते स्वतःलाही सांगायचे. एकटं राहणाऱ्याला असा एखादा फरक जवळ असलेला बरा असतो.

यंदा मात्र त्यांनी ठरवलं होतं की घर वसवायचंच, आणि तेही आधुनिक पद्धतीने. आधी संगणकावर खोप्याचं चित्र काढायचं. येणाऱ्या बाईंना ते चहूबाजूंनी फिरवून दाखवायचं. त्या हो म्हणाल्या की मगच गवताला चोच लावायची.

"आधी पसंती, मग मेहनत," सुगरणराव म्हणाले. "अडाण्यासारखं आधी विणत बसायचे दिवस गेले."

संगणकाला वीज कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीतली वीज जात नाही.

त्यांनी एकेक भाग मागवून संगणक जोडायला घेतला. डबा म्हणून नारळाची अख्खी करवंटी आणली. आता राहिलं होतं ते फक्त पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक कार्ड. ते त्यांनी तरसशेठच्या ऑनलाइन दुकानातून मागवलं. वर्षभर साठवलेल्या ज्वारीचे बहुतेक दाणे त्यात गेले. दुकानाचं ब्रीदवाक्य होतं, ‘पसंत नाही? हसत परत करा.’ हसायचं कुणी, ते लिहिलेलं नव्हतं.

माल घरपोच द्यायचं काम घारीकडे होतं. घार झाडावर उतरत नाही, तिला वेळ नसतो. ती वरूनच खोका सोडते, तो पडत असताना त्याचा फोटो काढते आणि ‘माल सुखरूप पोचला’ असं कळवून टाकते. सुगरणरावांचं नशीब चांगलं, खोका बाभळीच्या काट्यांत अडकला.

कार्ड देखणं होतं. फक्त ते करवंटीत मावेना.

चूक सुगरणरावांचीच होती. खोपा विणणारे माप बाहेरून घेतात. गवताची भिंत ती केवढी, बाहेरचं माप तेच आतलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने त्यांनी करवंटीही बाहेरूनच मोजली होती. करवंटी किती जाड असते, हे नारळवाल्यांना ठाऊक. त्यांनी कार्ड आडवं घालून पाहिलं, उभं घालून पाहिलं, तिरकं घालून पाहिलं. शेवटी ते शेंड्यावर गेले आणि दुकानाला फोन लावला.

फोन पोपटाने उचलला. अशा कामावर पोपटच ठेवतात.

"नमस्कार सर, आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे."

"कार्ड परत करायचंय."

"कारण, सर?"

"माप चुकलं. माझीच चूक आहे. तुमचा माल अगदी उत्तम आहे."

पोपटाने पाठ केलेली उत्तरं मनात चाळून पाहिली. असं उत्तर आलं तर काय बोलायचं, ते त्याला पढवलेलं नव्हतं.

"माल उत्तम असेल तर पुनर्मांडणी शुल्क लागेल, सर."

"ते काय असतं?"

"परत आलेला माल पुन्हा फळीवर मांडायचा खर्च. किमतीचा पाचवा हिस्सा."

"एवढा? फळी काय हिमालयात आहे?"

"फळीची माहिती आमच्याकडे नसते, सर."

"आणि माल बिघडलेला निघाला असता तर?"

"मग शुल्क नाही, सर. वर आम्ही दिलगिरीही व्यक्त करतो."

सुगरणरावांनी जरा विचार केला. "म्हणजे खरं बोलून तुमची तारीफ केली तर दंड. आणि खोटं बोलून तुमच्या मालाला नावं ठेवली तर दिलगिरी."

"आपण अगदी बरोबर समजलात, सर. आणखी काही सेवा?"

सुगरणरावांनी फोन ठेवला. पाचवा हिस्सा गेला तर मापाचं कार्ड घ्यायला दाणे पुरणार नव्हते. कार्ड नाही तर चित्र नाही, चित्र नाही तर पसंती नाही. आणि पलीकडच्या ओढ्यावर माद्या यायला लागल्याची बातमी होती.

खालच्या फांदीवर माकड बसलं होतं. जंगलातलं सगळ्यात जास्त मागवणारं आणि सगळंच्या सगळं परत करणारं गिऱ्हाईक. त्याने सगळं ऐकलं होतं.

"अरे सुगरण्या, सरळ बिघडलंय म्हणून सांग की," माकड म्हणालं.

"पण ते बिघडलेलं नाही."

"मग बिघडव. त्यात काय मोठं?"

"तसं नाही रे." सुगरणराव म्हणाले. "जे नापसंत ते बिघडलेलं नसतं, हे मी वर्षभर सांगत आलोय. आता मीच तसं म्हटलं, तर माझ्या खोप्यांचं काय?"

"सांगत आलायस खरं. कुणी ऐकलंय का?"

हे सुगरणरावांना फार झोंबलं. ते त्या दिवशी चरायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा फोन लावला आणि डोळे मिटून सांगितलं, "कार्ड बिघडलंय."

"धन्यवाद, सर." पोपटाला मनापासून हायसं वाटलं. "आम्ही दिलगीर आहोत. बिघाडाचा एक फोटो पाठवा."

आता बिघाड आणायचा कुठून? सुगरणरावांनी कार्डाला दोन टोचा मारल्या, कार्डाला काही झालं नाही. माकडाने ते त्यांच्याकडून घेतलं, एक कोपरा कचकन चावला आणि परत दिलं.

"हा घे बिघाड. शेजारधर्म म्हणून फुकट."

फोटो गेला. उत्तर लगेच आलं.

"सर, फोटोत दातांचे ठसे दिसताहेत. ग्राहकाने माल चावलेला असल्यास शुल्क दुप्पट."

"मी कसा चावणार? मी पक्षी आहे. मला दात नाहीत."

"दात नसल्याचा दाखला जोडावा लागेल, सर."

"अरे, तूही पक्षीच ना? तुला आहेत का दात?"



"नाहीत, सर," पोपट हळूच म्हणाला. "पण हा कॉल रेकॉर्ड होतोय."

मग सुरू झाला दातांचा लढा. सुगरणराव सकाळी शेंड्यावर जायचे ते अंधार पडल्यावर खाली यायचे. दुकानवाले फोन धरून ठेवायला सांगत आणि तेवढा वेळ फोनवर तरसाचं हसणं वाजत राही. इकडे विहिरीवर बाकीच्यांचे अर्धे खोपे लोंबू लागले. माद्या येऊ लागल्या, धागे ओढून बघू लागल्या, राहू लागल्या. सुगरणरावांच्या फांदीवर फक्त एक करवंटी आणि एक खोका होता.

"आधी हे मिटू दे," ते म्हणायचे. "मग विणायला कितीसा वेळ लागतो? आता प्रश्न दाण्यांचा नाही, तत्त्वाचा आहे."

मुलांनो, मोठी माणसं तत्त्वाचा प्रश्न आहे असं म्हणू लागली, की तुम्ही आपले खेळायला जा.

शेवटी एके दिवशी तरसशेठ स्वतः फोनवर आले.

"गिऱ्हाइकाला दात नाहीत, हे खरंय का?"

"चोचीची शपथ."

तरसशेठ पोट धरधरून हसले. "बरं, शुल्क माफ. पण माल मूळ खोक्यात पाहिजे. खोका कोरा, कोरडा, आतलं भरण जसंच्या तसं. दबलेलं, फाटलेलं चालणार नाही. आणि असा टांगून ठेवा की घारीला न उतरता उचलता आला पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तरी शुल्क दुप्पट."

अशी गंमत झाली बघा. सुगरणराव आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तरले ते खऱ्या गोष्टीमुळे.

आता त्यांना दुसरं काही सुचेना. कार्ड त्यांनी खोक्याच्या तळाशी ठेवलं आणि वर मऊ भरण जसं आलं होतं तसं पसरलं. दव पडून खोका भिजू नये म्हणून त्यांनी उसाच्या पात्याचे लांब धागे चिरून आणले आणि भोवती वेढे विणले. वाऱ्याने आपटू नये म्हणून वीण घट्ट केली. वर घारीचा पंजा नीट बसावा म्हणून जाड पीळ घालून कडी केली. झाकणाची बाजू त्यांनी न विणता मोकळी ठेवली, तपासायला उघडायला सोपी म्हणून. गाठीवर गाठ, धाग्याखालून धागा. भूक लागली तरी ते उठले नाहीत. असं काम त्यांच्या चोचीतून कधी उतरलं नव्हतं. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते शुल्क वाचवत होते.

शेवटची गाठ मारून ते मागे सरले, आणि तेवढ्यात फांदीवर एक मादी येऊन बसली. सुगरणबाई.

तिने खोक्याकडे टक लावून पाहिलं. "हा कुणाचा?"

"माझाच," सुगरणराव म्हणाले. "म्हणजे तसा तरसशेठचा."

तिचं पुढचं ऐकण्याकडे लक्ष नव्हतं. ती विणीला लोंबकळली. एक धागा ओढला, दुसरा ओढला. धागा हलला नाही. मग ती झाकण ढकलून आत गेली आणि भरणावर बसून पाहिलं. मऊ होतं, कोरडं होतं. बाहेर वारा सुटला होता, आत त्याचा आवाजसुद्धा येत नव्हता.

"आकार काही तरी नवाच आहे," ती आतून म्हणाली. "पण अशी वीण या विहिरीवर दुसऱ्या कुणाची नाही. राहते मी."

राहते मी. हे ऐकायला सुगरणराव दोन हंगाम तरसले होते.  त्यांना चित्र दाखवावं लागलं नव्हतं, फिरवावं लागलं नव्हतं. तिने नुसती वीण पाहिली होती.

आणि फांदीवरून घारीची सावली गेली.

सुगरणरावांनी वर पाहिलं. मग खोक्याकडे पाहिलं. मग त्यांनी अदबीने चोच पुढे केली.

"अहो बाई, जरा बाहेर येता का? भरण दबतंय."

"काय?"

"नाही, म्हणजे हा खोका मूळ स्थितीत परत करायचाय. दबलेला चालत नाही, शुल्क दुप्पट लागतं. दोन मिनिटांचा प्रश्न आहे. मग मी दुसरा खोपा विणतो की. याहून चांगला. आधी चित्र दाखवतो."

बाई बाहेर आली. फांदीवर बसून तिने पिसं झटकली. या पाखरांत मादी जाताना काही सांगत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण तिला त्यांची कीव आली असावी. तिने रीत मोडली.

"खोप्यात काही बिघाड नव्हता," ती म्हणाली.

सुगरणराव दचकले. त्यांनी भीतभीत आकाशाकडे पाहिलं.

"हळू बोला, बाई. घार ऐकेल."

बाई उडून गेली. घार आली आणि खोका विणीसकट उचलून घेऊन गेली. संध्याकाळी संदेश आला, ‘शुल्क माफ. आमची सेवा कशी वाटली?’ सुगरणरावांनी पाचपैकी पाच तारे दिले.

"बघ," ते माकडाला म्हणाले. "एक दाणा सोडला नाही."

आणि ते खरंच होतं. दाणे सगळेच्या सगळे परत आले. हंगामभर दोघांना आणि पिल्लांना पुरले असते. मापाचं कार्ड दुकानात येईपर्यंत हंगाम सरला, म्हणून ते त्यांनी घेतलंच नाही, आणि दाणे एकट्याने खायचे म्हणून पुढच्या वर्षीपर्यंत पुरले.

कोपरा चावलेलं कार्ड तरसशेठनी फळीवर ठेवलं आणि नवंकोरं म्हणून विकलं. वीण त्यांनी हलक्या हाताने सोडवून घेतली. ती आता दुकानात ‘अस्सल हस्तकला’ म्हणून टांगलेली आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, हा माल परत घेतला जाणार नाही.

तात्पर्य : मागवलेल्या मालाचा खोका कधीही मोडू नये. घराची एवढी काळजी करायचं कारण नाही, ते मोडलं तर मूळ खोका कुणी मागत नाही.