अर्ध्या भाड्यात पूर्ण तास

स्वस्तात वैमानिक कसं व्हावं, हे मला जितकं कळलं आहे तितकं खुद्द विमानालाही कळलेलं नसेल! हसू नका. अकरा महिने मी या विषयाचा अभ्यास केला आहे आणि त्याचा निकालही लागला आहे.

लोकांना वाटतं, लायसन्स हातात पडलं की नोकरी मिळाली. कसलं काय! विमान कंपनी म्हणते, आधी स्वतःच्या जबाबदारीवर पाचशे तास उडवा, मग तोंड दाखवा. आणि ते तास स्वतःच्या खर्चानं उडवायचे. क्लबचं दोन सीटचं जुनं विमान भाड्यानं घ्यायचं, इंजिन सुरू झालं की घड्याळ सुरू. आमच्याकडे खर्च करणारी व्यक्ती एकच होती, माझी बायको. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळची पाळी तिची स्वतःची, संध्याकाळची माझ्या तासांसाठी घेतलेली. माझा एक तास तिच्या चार तासांतून निघायचा.

मग मला तो नियम सापडला! दोन वैमानिकांनी मिळून उडायचं. एकानं डोळ्यांवर टोपीसारखं झापड लावायचं, म्हणजे बाहेरचं काही दिसत नाही, आणि नुसते काटे बघून विमान चालवायचं. दुसऱ्यानं बाहेर बघायचं आणि विमानाची सगळी जबाबदारी घ्यायची. पहिल्यानं चालवलं म्हणून त्याचा तास, दुसऱ्यानं जबाबदारी घेतली म्हणून त्याचाही तास. भाडं मात्र निम्मं निम्मं!

"म्हणजे तू नुसतं बाहेर बघणार आणि तेही मोजणार?" बायकोनं विचारलं.

"नुसतं नाही गं. जबाबदारीनं बघणार!"

जोडीदारही असा मिळाला की बस. दातांचे डॉक्टर! माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, उडायचं ते निव्वळ हौसेखातर. रोज लोकांच्या तोंडात वाकून वाकून त्यांना म्हणे मोकळं आभाळ बघावंसं वाटे. मी त्यांना झापड लावून बसवायचो. मला ते प्रेमानं 'कॅप्टन' म्हणत. एक दिवस झापड त्यांच्या डोळ्यांवर, एक दिवस माझ्या. असे आम्ही दोनशेवीस तास उडलो आणि माझी तासांची वही चारशे शहाण्णववर आली.

चार तास कमी! शनिवारी कंपनीच्या अर्जाची मुदत संपणार होती. गुरुवारी दोन तास, शुक्रवारी दोन तास, की काम फत्ते. बायकोनं लॅबमध्ये सांगूनही टाकलं, पुढच्या महिन्यापासून संध्याकाळी येणार नाही म्हणून.

गुरुवारी झापडाची पाळी डॉक्टरांची होती. मी इंजिन सुरू केलं आणि नेमका त्यांचा फोन वाजला. कुणाची तरी दाढ ठणकत होती. बोलणं संपेस्तोवर सहा मिनिटं विमान जागच्या जागी गुरगुरत उभं.

"डॉक्टर, ही सहा मिनिटं तुमच्या भाड्यात हं," मी म्हणालो.

"जरूर. पण मग ती तुम्ही तुमच्या वहीत लिहिणार नाही ना?"

"लिहिणार की! मी बाहेर बघत होतो."

"विमान उभं होतं, कॅप्टन!"

"उभं असलं तरी जबाबदारी माझीच होती!"

"मग निम्मं भाडंही तुमचंच."

एवढंच. सहा मिनिटं! त्यावरून आमचं असं बिनसलं की दोन तास एकमेकांशी शब्द नाही. एवढ्याशा विमानात, खांद्याला खांदा लावून, दोन घोडे अबोला धरून बसले होते.

उतरताना त्यांनी झापड काढलं आणि विमान अलगद टेकवलं. आता आमची एक पद्धत होती. क्लबच्या इमारतीपाशी वळण फार अरुंद, म्हणून तिथं आलो की मी म्हणायचो, "माझ्याकडे." मग ते म्हणायचे, "तुमच्याकडे," आणि हातपाय काढून घ्यायचे. त्या दिवशी मी ठरवलं, पहिला शब्द आपण बोलायचा नाही! त्यांनी मात्र सवयीनं वळणापाशी हातपाय काढून घेतले. मला वाटलं ते चालवताहेत, त्यांना वाटलं मी चालवतोय. मी हाताची घडी घालून बसलो. त्यांनीही घातली.

विमान माणसाच्या चालीनं निघालं. इतकं सावकाश की थांबवायला अख्खा जन्म होता! समोर मुख्य प्रशिक्षकांचं ऑफिस. त्यांना सगळे 'वादळ' म्हणतात, पण तोंडावर नाही. ऑफिसची खिडकी उघडी होती. मी मनात म्हणालो, बघू या म्हातारा केव्हा ब्रेक मारतो! म्हातारा मनात काय म्हणाला ते त्यानं मला नंतर सांगितलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डावा पंख खिडकीतून सरळ आत गेला. आधी काच फुटली, मग फायलींचा ढीग आडवा झाला, मग चहाचा कप. शेवटी पंख टेबलावर येऊन टेकला, अर्ज घेऊन आल्यासारखा. डॉक्टरांनी झटकन इंजिन बंद केलं. वादळानं शर्टावरचा चहा पुसला, पेनचं टोपण लावलं आणि शांतपणे विचारलं,

"जबाबदार कोण होतं?"

"हे!" आम्ही दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत एकदम बोललो. दोन तासांनी बोललो ते हेच.

"लेखी द्या. वेगवेगळं."

मी घाबरलो. अपघात माझ्या नावावर लागला तर कंपनी मला दारातही उभं करणार नाही. बायकोनं लॅबमध्ये सांगून टाकलंय. मी कागद ओढला आणि लिहीत सुटलो. 'मी केवळ सोबत बसलो होतो. सर्व निर्णय डॉक्टरांचे होते.' एवढ्यावर थांबावं ना? पण माझं लेखन पहिल्यापासून ओघवतं! पुढं लिहिलं, 'गेले अकरा महिने हीच पद्धत आहे. त्यांच्या डोळ्यांवर झापड असते तेव्हाही विमान सर्वस्वी त्यांच्याच हुकमात असते. मी फक्त बाहेर बघतो.' खाली झोकदार सही ठोकली.

डॉक्टरांच्या कागदावर एकच ओळ होती. 'ब्रेकवर माझेही पाय पोहोचत होते, चूक दोघांची.'

वादळानं दोन्ही कागद वाचले. माझा दोनदा वाचला.

"तुझी वही आण."

मी आणली. त्यांनी लाल पेन उघडलं आणि मी बाहेर बघत बसलो होतो ती एकेक नोंद खोडायला सुरुवात केली.

"अहो सर! हे काय?"

"तूच लिहून दिलंयस. जबाबदारी तुझी नव्हती, मग तास तुझे कसे? एकशे दहा तास गेले. आजचे तर धरूच नकोस."

"सर, शनिवारी अर्ज आहे!"

"डॉक्टरांसारखं लिहिलं असतंस तर काचेचे पैसे भरून घेतले असते आणि उद्या परत उडू दिलं असतं," ते म्हणाले. मग पंखाखालून वाकून दुसरा चहा सांगायला गेले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर हात दाखवून खाली सहीही केली होती! बाहेर डॉक्टर माझी वाट बघत उभे होते. मला वाटलं, आता खवचट काहीतरी बोलतील. तर नाही! त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचाच मला जास्त राग आला.

घरी आलो. बायको सकाळची पाळी करून संध्याकाळच्या पाळीला निघाली होती, पायात एकच चप्पल. मी सगळं सांगितलं. मग दुसरी चप्पल पायात घालत तिनं एवढंच विचारलं,

"म्हणजे मी दोन दोन पाळ्या करत होते तेव्हा तू तिथं वर बसून करत काय होतास?"

आता खोटं कशाला बोला? तसं लेखीच दिलं होतं.

"बाहेर बघत होतो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी सवयीनं खिडकीबाहेर बघितलं.