कोऱ्या पानावरची सही

आमच्या खालच्या मजल्यावरचे वाघमारे काका दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचतात. लग्नपत्रिका आली की आधी उलटी करून मागं काही लिहिलंय का ते पाहतात. एकदा त्यांचं डोकं दुखत होतं म्हणून मी गोळ्यांचं पाकीट नेऊन दिलं, तर ते आतली घडीची चिठ्ठी उलगडून चष्मा लावून बसले. चिठ्ठी संपेपर्यंत डोकं दुखायचं थांबलं आणि पाकीट मला साभार परत मिळालं.

"अट वाचावी माणसानं," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "नियमात बसत नाही." आमच्या दिल्लीतल्या मुनिरका वस्तीतल्या घरमालकानं पाण्याची मोटर दुरुस्त करायला टाळाटाळ केली, वर "अंकल, चलता है यार" म्हणाला, तेव्हा काकांनी त्याला भाडेकराराचं सातवं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं, तेही हिंदीत. त्याच संध्याकाळी पाणी आलं.

काकांची सगळी नोकरी दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयाच्या टेंडर विभागात गेली. पाकिटं उघडायची, कागद तपासायचे, अपुरे असतील ते बाद करायचे. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, काकांनी उलटा धंदा सुरू केला. छोट्या माणसांची टेंडरं ते फुकट भरून देतात. विमानतळावर सामानाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारे दोघे दलित भाऊ त्यांच्याच टेबलावरून तिथं पोचले. "सरकारनं अशांसाठी वाटा राखलाय रे," ते म्हणतात, "पण तो चौदाव्या पानावर, बारीक अक्षरात. तिथवर हात धरून न्यायला कुणी नको?" या माणसाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

सलमाताई आल्या त्या दोनदा टेंडर बाद होऊन. मूळच्या उदगीरच्या. मागच्या गल्लीत एका खोलीत पाच शिलाई मशिनं आणि पाच बायका. विमानतळावरच्या सफाई कर्मचाऱ्यांचे गणवेश शिवायचं काम त्यांना हवं होतं. एकदा नोंदणीचा दाखला जोडायचा राहिला, एकदा अनुभवाचं पत्र.

"शाळांचे गणवेश वर्षातून एकदाच, काका," त्या म्हणाल्या. "यंदाही हे नाही झालं तर मशिनं विकावी लागतील."

"अट वाचली होती का?"

"वाचली होती. निम्मी."

पुढे महिनाभर काकांनी त्यांना असं पिदडलं की मलाच कीव आली. हल्ली टेंडर कॉम्प्युटरवरून जातं, पण आधी छापायचं, प्रत्येक पानावर सही-शिक्का करायचा आणि मग स्कॅन. शेवटच्या दिवशी दुपारी स्कॅनरपाशी मी बसलो होतो. काका एकेक पान पुढं सरकवत होते, सलमाताई सही करत होत्या. अकराव्या पानापाशी त्यांचं पेन थांबलं. पान कोरं होतं, सरकारी नमुन्यातच तसं, तळाला फक्त पानाचा आकडा.

"यावर नाही करणार. अब्बांनी शिकवलंय, कोऱ्या कागदावर सही करायची नाही."

आता एखादं कलम ऐकायला मिळणार म्हणून मी सरसावून बसलो. पण काकांनी ते पान स्वतःकडे ओढून घेतलं.

"बरोबर आहे अब्बांचं," ते म्हणाले. "मीही सुमनला हेच शिकवलं होतं."

सुमनकाकूंना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय.

"तिच्या बचत गटानं आमच्याच ऑफिसच्या कँटीनचं टेंडर भरलं होतं. आदल्या दिवशी कागद याच टेबलावर होते. म्हणाली, एकदा नजर टाका. मी म्हटलं, नियमात बसत नाही, मी त्याच विभागात आहे. दुसऱ्या दिवशी पाकिटं उघडताना साहेबांना सांगून मी लांब जाऊन बसलो. कोऱ्या पानावर सही नाही म्हणून पाकीट बाद झालं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. टेंडरही पुन्हा भरलं नाही."

"तुमचं चुकलं नव्हतं काका," सलमाताई हळूच म्हणाल्या.

"नियमानं नव्हतं."

मग त्यांनी पानावर तिरपी रेघ मारायला लावली, वर 'हे पान कोरे आहे' असं लिहायला लावलं, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसडता येऊ नये. सलमाताईंनी रेघेखाली सही केली.

काम मिळालं. सलमाताई पेढे घेऊन आल्या. काकांनी आधी खोक्यावरची तारीख वाचली, मग दोन पेढे एकदम तोंडात टाकले. त्या गेल्यावर त्यांनी कामाच्या पत्राची प्रत ठेवायला कपाटातून एक जुनी फाइल काढली. काकूंच्या टेंडरची होती. पत्र आत सरकवताना तिचं अकरावं पान माझ्यासमोर आलं. त्यावरही तिरपी रेघ होती, ताज्या शाईची. आणि रेघेखाली काकांची सही.

मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं.

"नियमात बसत नाही," फाइल मिटत काका म्हणाले. "ठाऊक आहे मला."