रेग्युलेटर आणि रानडुकरं

नरहररावांच्या लोखंडी पेटीत काय नव्हतं ते विचारा. मिक्सरच्या दोन मोटारी, तीन मुके रेडिओ, आणि कधीच विकून टाकलेल्या गाडीच्या अल्टरनेटरचा एक कोरा करकरीत रेग्युलेटर. कधी लागला तर असावा म्हणून घेतलेला. गाडी गेली, पण रेग्युलेटर राहिला. नोकरीतून निवृत्त होऊन आर्णीला आल्यापासून नरहरराव त्याच्यासाठी काम शोधत होते. घरात मात्र त्यांना बंदी होती, कारण दाराच्या घंटीला त्यांनी स्कूटरचा हॉर्न जोडला तेव्हा पोस्टमन पायरीवरून खाली पडला होता.

अशात एका सकाळी जवळच्या तांड्यावरचा रामधन झटका मशीन आणि तिची बॅटरी घेऊन दारात उभा राहिला. वावराभोवतीच्या तारेत झटका सोडून डुकरांना पळवणारं हे मशीन बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी सोलर पॅनलवर चार्ज व्हायची.

"काकाजी, बॅटरी पुन्हा उकळून राह्यली. दोन वर्षांत ही तिसरी. हरभऱ्याले घाटे धरले अन् डुकरं पार वावराच्या धुऱ्यापर्यंत येऊन राह्यले."

नरहररावांचा चेहरा फुलला. "तुझ्या पॅनलला लगामच नाही रे! दिवसभर ते बॅटरीत वीज कोंबतं. हा बघ रेग्युलेटर. गाडीत हा काय करतो? बॅटरी भरली की चार्जिंग थांबवतो. तेच काम तुझ्या वावरात करेल."

"अहो, दोन एकर हरभरा आहे त्याचा," त्यांच्या पत्नी शुभदाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ही काही आपली घंटी नाही. डुकरं घुसली म्हणजे?"

"डुक्कर पाऊल टाकणार नाही. टाकलं, तर ही अख्खी पेटी रविवारी भंगारवाल्याला!"

बोलून गेल्यावर त्यांनी शब्द मागे घ्यायला तोंड उघडलं. पण शुभदाताईंनी तोवर रामधनला साक्षीदार धरलं होतं.

नरहररावांनी दोन तास खपून जोडणी केली. शोभा म्हणून गाडीच्या मागच्या दिव्याचा एक बल्बही रेग्युलेटरला लावला. "बल्ब लागला म्हणजे बॅटरी फुल्ल. समजलं?" हा नियम त्यांनी स्वतःच ठरवला होता. रेग्युलेटरला विचारलं नव्हतं. रामधननं सगळं गाडीवर बांधलं. मागे एक गाठोडंही होतं, पण ते बॅटरीला दणके बसू नयेत म्हणून असावं, असं नरहररावांना वाटलं.

मग रोज फोन सुरू झाले.

"काकाजी, बल्ब लागून आहे."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"जरासा लालसर दिसते."

"पोट भरलंय त्याचं. डुकरं?"

"एकही नाही आलं."

रविवारी नरहररावांनी इस्त्रीचा सदरा चढवला, शुभदाताईंना ऑटोत बसवलं आणि थेट वावर गाठलं. बघतात तर काय, रामधनची बायको जमनी झटक्याच्या तारेवर ओली चादर टाकत होती.

"अगं ए, हात लावू नको!" नरहररावांचा आवाज चिरकला. "मरशील!"

जमनीनं चादर नीट पसरली आणि वर चिमटाही लावला. "चार दिवस झाले काकाजी, याच्यावरच धुणं वाळू घालून राह्यली मी. साध्या मुंग्यासुद्धा नाही आल्या हाताले."

"पण बल्ब तर लागलाय!"

"अहो," शुभदाताई शांतपणे म्हणाल्या, "आपल्या गाडीत तो लाल दिवा लागला की तुम्ही काय म्हणायचात?"

"चार्जिंग होत नाही, असं..." आणि नरहरराव मध्येच थांबले. बॅटरी उपाशी असली की रेग्युलेटर बल्बच्या तारेत वीज सोडतो, भरली की तोडतो. म्हणजे चार दिवस बल्ब 'भूक, भूक' म्हणून ओरडत होता, आणि उरलीसुरली बॅटरीही तोच पीत होता. नरहररावांना आपली पेटी भंगारवाल्याच्या गाड्यावर दिसू लागली.

"पण मग डुकरं आली कशी नाहीत?" त्यांनी हळूच विचारलं.

रामधननं आतल्या बाजूला बोट दाखवलं. तारेच्या आत, बांबूंना बांधलेल्या साड्या वावराभोवती फडफडत होत्या. गाठोड्यातल्या. डुकरं बुजावीत म्हणून इकडे बांधतात तशाच. शुभदाताईंनी त्याच दिवशी गुपचूप दिल्या होत्या.

"धुऱ्यापर्यंत येते काकाजी," जमनी म्हणाली, "पण नाल्याच्या बाजूची ती साडी पाह्यली का चारही पाय लावून पयते. बाकीच्या साड्याईले भीत नाही इतके."

नरहररावांनी चष्मा सारखा केला. ती साडी त्यांच्या ओळखीची होती. भडक पोपटी, राणी रंगाचे काठ, वर चंदेरी टिकल्या. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांनी एकट्यानं, कोणालाही न विचारता निवडलेली. शुभदाताईंनी ती एकदाच नेसली होती.

नरहररावांनी सदऱ्याची कॉलर ताठ केली. "रामधन, मी काय म्हटलं होतं? डुक्कर पाऊल टाकणार नाही! टाकलं?"

"नाही जी."

शुभदाताईंना हसू आवरेना. "बरं, राहू द्या ती पेटी," त्या म्हणाल्या.

बॅटरी चार्ज करून आणली, बल्ब काढला, आणि रेग्युलेटर पेटीत परत गेला. आठवड्यानं रामधनचा पुन्हा फोन आला.

"काकाजी, तांड्यातले तिघं जण विचारून राह्यले."

"रेग्युलेटरबद्दल ना?" नरहररावांनी उत्साहानं पेटी पुढे ओढली.

"नाही जी. काकूंसाठी साडी घ्याले परत कधी जाता म्हणून."